दगडाचे रांजण आणि उद्दालकाची माती

एका तीरावर शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, दुसऱ्या तीरावर पारनेरचं निघोज. मधून कुकडी वाहते. काठावर मळगंगा देवीचं ठाणं आहे आणि पात्रातला काळा कातळ खोल, गुळगुळीत खड्ड्यांनी पोखरलेला आहे. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे जागच्या जागी गरगरत राहिले आणि त्यांनीच हा कातळ कोरला. लोक या खड्ड्यांना रांजणखळगे म्हणतात.

रांजण खरा मातीचा. मातीच्या भांड्यावरून आपल्याकडे फार जुना वाद आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचाच दाखला देतो: एक गोळा कळला की सगळी भांडी कळली, वेगळेपण केवळ नावापुरतं. कार्य कारणात आधीपासूनच असतं, असं सांख्य दर्शनही मानतं. न्यायदर्शनाच्या नैयायिकांना हे पटत नाही. घट मातीत होताच, तर कुंभाराने चाक फिरवलं कशाला?

हाच प्रश्न कुकडीच्या कातळाला विचारता येतो.

हा कातळ म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचत गेले. आजही त्यांनी जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. शिरूर-दौंडची काळी जमीन याच दगडाची झीज. तो जिथे वितळला ते पृथ्वीचं प्रावरण कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तरी त्याची ओळख पटते, ती स्ट्राँशियममुळे. या मूलद्रव्याच्या 87 आणि 86 वस्तुमानांकांच्या अणूंचं परस्पर प्रमाण खडक वितळला किंवा रस गोठला म्हणून बदलत नाही. रूप पालटतं, प्रमाण टिकतं. उद्दालकाला याहून चांगला साक्षीदार कुठला?

पण साक्ष इथे संपत नाही. महासागराच्या तळाशी, हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्गसारख्या पर्वतरांगांवर, भूपट्ट दूर सरकतात आणि प्रावरणातला रस थेट वर येतो. दख्खनमध्ये त्याला खंडाचं जाड, जुनं कवच भेदावं लागलं. वाटेत त्याने त्या कवचाचा अंश उचलला आणि स्ट्राँशियमचं प्रमाण वाढलं. सह्याद्रीतल्या ‘बुशे’ थरांमध्ये हे प्रमाण 0.713 च्याही वर जातं, म्हणजे भेसळ पुष्कळ. त्यांच्याही वर असलेल्या ‘आंबेनळी’ थरांमध्ये ते 0.704 च्या आसपास, हिंदी महासागराच्या तळाच्या बेसाल्टजवळ जाणारं. थर एकाच उद्रेकमालिकेतले, तरी एकाचा गोळा ओळखून दुसऱ्याचं भांडं ओळखता येत नाही.

दगडापुरता निवाडा करायचा तर मूळ पुसलं जात नाही, इथवर उद्दालक बरोबर. पण त्याच्या दाखल्यातला गोळा आधीच मळून तयार आहे. त्यात वाटेवर काय मिसळलं, हे तो विचारत नाही. दख्खनचा दगड हाती घेणाऱ्याला तो प्रश्न टाळता येत नाही.