अ, ब आणि क

सांगलीच्या बाजारात पाईप-पंपाचं एक जुनं दुकान. कुणाला काय भाव द्यायचा ते गल्ल्यावर बसणाऱ्या अण्णांच्या डोक्यात. वही फक्त उधारीची. ज्याचा आवाज मोठा त्याला भाव कमी, हा खरा नियम, पण तो अण्णांच्याही कधी ध्यानात आला नव्हता. मुलीनं धंद्यात लक्ष घातलं आणि कोटेशन काढायचं सॉफ्टवेअर आणलं. माल निवडा, गिऱ्हाईक निवडा, सूट आपोआप बसते आणि कोटेशन व्हॉट्सॲपवर जातं. फक्त आधी प्रत्येक गिऱ्हाइकाचा गट ठरवावा लागतो.

गट पाडले उलाढालीवर. मोठे ठेकेदार अ, तालुक्याचे दुकानदार ब, मिस्त्री आणि शेतकरी क. छापील दरावर अनुक्रमे 20, 16 आणि 12 टक्के सूट. त्याहून जास्त सूट द्यायची तर अण्णांची मंजुरी हवी. काउंटरवरच्या पोरांनी आठवड्यात पळवाट काढली. मंजुरी कोण मागत बसणार? घासाघीस करणाऱ्याचा गटच बदलायचा. दिवाळीपर्यंत अ गट चांगलाच फुगला. विक्री वाढली, तरी बँकेतली कॅश क्रेडिटची मर्यादा महिनाअखेरीला संपू लागली.

उन्हाळा लागला. जत, कवठेमहांकाळकडं बोअरचा हंगाम. तिकडचा एक मिस्त्री दर हंगामात यायचा. रोख मोजायचा, माल स्वतःच्या पिकअपमध्ये भरायचा, परत कधी काही आणायचा नाही. या वेळी त्यानं काउंटरवर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक त्याचं कोटेशन, दुसरं तो ज्याच्या साईटवर मजुरीला होता त्या ठेकेदाराचं. सॉल्व्हंटनं पांढरं पडलेलं बोट त्यानं दोन्ही आकड्यांवरून फिरवलं.

"ताई, पाईप त्योच, कंपनी तीच, तारीख बी तीच. माझं काय चुकलं?"

"त्यांचा माल किती, तुझा किती!" अण्णा बोलून गेले.

मिस्त्री भांडला नाही. कागद घडी करून खिशात घातले आणि रिकामी पिकअप घेऊन गेला. स्वतःहून पुन्हा फिरकला नाही.

भांडणाऱ्या गिऱ्हाइकाची नोंद सगळे ठेवतात. गप्प जाणाऱ्याची कुठल्याच रिपोर्टात येत नाही. मुलीनं मात्र त्या रात्री पेन्सिल घेतली. छापील दरानं लाखाचा माल, तिला पडतो 74,000 ला. ठेकेदाराला 80,000 ला दिला, सुटले 6,000. पैसे आले 120 दिवसांनी; बँकेचं व्याज 12 टक्क्यांनी 3,156. टेम्पो 1,800. परत आलेले सुटे नग, तुटफूट 900. उरले 144 रुपये. शिवाय जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचाच, गिऱ्हाईक देवो न देवो. पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत हा 2006 चा कायदा आहे, पण तो माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी. नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला त्याचा आधार नाही. आणि मिस्त्री? 88,000 रोख, 14,000 सुटले. त्याला क गटात टाकलेलं.

सकाळी तिनं गिऱ्हाइकाच्या नावापुढचा गटच काढून टाकला. मूळ सूट सगळ्यांना 10 टक्के. रोख दिले तर 4 जादा, स्वतःच्या गाडीतून नेलं तर 2, पूर्ण बंडल घेतलं तर 2. सवलत कशाची ते कोटेशनवरच छापायचं, म्हणजे दोन कागद शेजारी ठेवले तरी उत्तर कागदातच मिळेल.

ठेकेदार चिडले. "एवढ्या वर्षांचा संबंध, अण्णा, आणि मला बाराच टक्के?" मुलीनं स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. "रोख द्या, साहेब, सोळा होतील. गाडी पाठवा, अठरा." ते उठून गेले आणि मोठ्या ऑर्डरी दुसरीकडं वळवल्या. अण्णांनी मुलीशी बोलणं टाकलं. महिनाअखेरीला बँकेचं पासबुक बघितल्यावर ते परत सुरू झालं. हल्ली ठेकेदारांना घाई असली की त्यांचा टेम्पो रोख घेऊन येतो. मोठं काम अजून बाहेरच जातं.

मिस्त्रीला मुलीनं स्वतः फोन केला. तो आला, 16 टक्क्यांचं कोटेशन बघून खूश झाला. पण पुढच्या खेपेला अडचण घेऊन आला. ज्याच्या बोअरचं काम होतं त्या शेतकऱ्याचं उसाचं बिल कारखान्याकडं अडकलेलं. दोन महिने उधार हवं होतं, दर तोच. मुलगी जरा घुटमळली. नियम मोडायला याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. तरी तिनं रोखीची खूण काढली. सूट 12 वर आली.

मिस्त्री बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिला.

"म्हंजे त्यो दर रोखीचा व्हता. माझा न्हवं."

"सगळ्यांना तसंच आहे, दादा."

"ठेकेदाराला बी?"

"त्यांना बी."

त्यानं शेतकऱ्याला फोन लावला, म्हणाला, "निम्मं आज दे, निम्म्या मालाला सोळा टक्के पडतील," आणि मुलीकडं वळून विचारलं, "दोन कोटेशन करून देता का, ताई?"