उष्णतारोधक आवरण आणि कर्मफलाचा प्रश्न

जहाजाच्या इंजिनकक्षातील वाफेच्या नळ्या, बॉयलर आणि झडपा यांवर उष्णतारोधक आवरण चढवले की उष्णता वाया जात नाही, इंधन वाचते आणि तापलेल्या पृष्ठभागावर तेल उडून आग लागण्याचा धोकाही घटतो. त्यामुळे हे कर्म वरकरणी निर्दोषच दिसते. तथापि विसाव्या शतकात हे आवरण बहुधा ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचे असे आणि त्याची धूळ श्वासावाटे आत गेली, तर कर्करोग कित्येक दशकांनी उद्भवू शकतो. आवरण बसवणाऱ्या कामगारांवरील हे संकट अमेरिकी वैद्य अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी 1964 साली ठळकपणे मांडले.

भारतीय दर्शनांत ‘कृतनाश’, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे, आणि ‘अकृताभ्यागम’, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे, असे दोन दोष सांगितले असून क्षणिकवादी, म्हणजे सर्व काही क्षणभरच टिकते असे मानणाऱ्या, बौद्धांवर प्रतिपक्षाने हाच आक्षेप घेतला. गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर जुनी जहाजे तोडणाऱ्या मजुराच्या बाबतीत हे दोन्ही दोष एकत्र येतात, कारण बचत जहाजमालकाच्या खाती जमा झाली आणि धूळ मजुराच्या वाट्याला आली. पूर्वजन्माचा दाखला देऊन ही विसंगती मिटवता येते खरी, पण ते उत्तर (भोगणाऱ्याने क्वचितच दिलेले) फार सोयीचे आहे. त्यापेक्षा कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, करवून घेतलेले आणि संमती दिलेले, हा जैनांचा त्रिविध भेद अधिक न्याय्य ठरतो, कारण तो मालकालाही कर्ता मानतो. नव्या जहाजांवर ॲस्बेस्टॉस बसवण्यास 2011 पासून पूर्ण बंदी आहे. जुन्या जहाजांतील ॲस्बेस्टॉस मात्र मजुरांनाच काढावे लागते.