पाली दरवाजाखाली राहता ना?

बसा खाली. सगळे. दार लोटून घे रे कुणीतरी.

शाळेत मोबाइल आणायचा नाही हा नियम तुम्ही पाळता, म्हणून मला वाटायचं निदान दिवसभर तरी तुमची डोकी शाबूत असतात. काल रात्री वर्गाच्या ग्रुपवर काय फिरलं ते मी वाचलंय. ‘यात्रेत त्यांच्याकडून एक रुपयाचंसुद्धा सामान घ्यायचं नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. आणि प्रत्येक अंगठ्यामागे महाराजांचा फोटो! लाज वाटली पाहिजे.

पालीत राहता ना तुम्ही? राजगडाच्या एका दरवाजाला तुमच्या गावाचं नाव आहे. स्वराज्याचा कारभार सुमारे पंचवीस वर्षं त्या डोंगरावरून चालला. तिथे कुणाकुणाचा राबता होता हे पुण्या-मुंबईच्या ट्रेकरला ठाऊक नसेल तर मी समजून घेईन, तुम्हाला नाही. नूर बेग कोण? बोला. पायदळाचा सरनोबत. भुतोंड्याच्या येसाजी कंकांवर पोवाडे ऐकता, त्यांच्या आधी त्या जागेवर कोण होतं हे कुणी विचारलंत? आरमारातला दौलतखान? 1660 साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल गेला. त्याचा तरणा मुलगा त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. बाप महाराजांचा, शत्रूही सिद्दीच. आता सांगा, यातले ‘ते’ कोण आणि ‘आपण’ कोण?

लांब कशाला जायचं, भोर तालुक्यातलंच बघा. 1659 साली अफजलखान आला तेव्हा कारीचे कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून महाराजांच्या बाजूला उभे राहिले. आणि उत्रवळीचे खंडोजी खोपडे? खानाला जाऊन मिळाले. दोघेही देशमुख, दोघेही मावळातले, दोघांचे देव एकच. पुढे 1665 मध्ये राजगडाच्या आसपासची गावं जाळणारी फौज कुणी पाठवली होती? मिर्झाराजे जयसिंगांनी. त्या फौजेत दाऊदखान होता आणि रजपूतही होते. तुमच्या पणज्यांच्या पणज्यांची घरं जाळताना कुणी धर्म विचारला नाही.

मागे हसतोय कोण? उभा राहा. तास संपेपर्यंत.

मात्र एक नीट ऐका, नाहीतर उद्या भाषणस्पर्धेत माझंच वाक्य मलाच ऐकवाल. सिद्दी हिलाल नसता तरी मुसलमान आताराने यात्रेत दुकान लावलंच असतं. तो त्याचा हक्क आहे, बक्षीस नव्हे. शेजारी म्हणून राहायला पूर्वजांचा दाखला कसला मागता? तुमच्याकडे कुणी खोपड्यांचा हिशोब मागतं का? आणि तुमच्या आज्यांनी कपाळाला लावलेलं कुंकू, दिंडीतला बुक्का विकला कुणी? आतारानेच. जत्रेचा बकरा कापायला मुलाणी लागायचा, तो आल्याशिवाय गावाची पंगत बसत नसे.

फेब्रुवारी 2025 मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने ठराव केला की कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना जागा द्यायची नाही. गटविकास अधिकाऱ्यांनी तो स्थगित केला. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या मुळशीत काही गावांत फलक लागले, बाहेरच्या मुसलमानाने जुम्म्याला इथल्या मशिदीत यायचं नाही. म्हणजे तुम्ही काल जे केलंत त्यात काही नवं नाही. नक्कल आहे. नक्कल करताना तरी शुद्धलेखन सांभाळायचं, ‘बहिष्कार’ चुकीचा लिहिलाय!

आणि खिडकीजवळचा तू. मान वर कर. तुला वाटलं सर आज माझ्या बाजूने आहेत. चूक. त्या निरोपाला तू काय उत्तर दिलंस? कुठल्याशा परदेशी माणसाची क्लिप, तितकीच विखारी. वर्गात तुझे दोन मित्र होते, त्यांना फोन केला असतास तर तिथेच थांबलं असतं. गॅदरिंगला येत नाहीस, सहलीला नको म्हणतोस, विचारलं की ‘आमच्यात चालत नाही’. आरतीत हात जोड म्हणून तुला कुणी सांगणार नाही, सांगितलं तर माझ्याकडे ये. पण दुसऱ्याने मोदक खाल्ला, पोरींनी लेझीम खेळली, यावर नाक मुरडायचा अधिकार तुलाही नाही. तुझी बहीण दहावीला पहिली आली होती, तिला घरी बसवताना तू गप्प बसलास. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई आठवतात? धडा शिकवलाय मी. 18 एप्रिल 1966 रोजी सात मुसलमान बायकांना घेऊन ते मुंबईत विधानभवनावर मोर्चाने गेले, तोंडी तलाक बंद करा म्हणून. फक्त सात! स्वतःच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि हिंदुत्ववाल्यांनाही खडे बोल सुनावायचं सोडलं नाही. तुला एवढं नको. बहिणीचा अकरावीचा फॉर्म भरून आण, बस.

आता पुन्हा तुम्ही, फोटोवाले. औरंगजेबाच्या काळातला इतिहासकार खाफीखान महाराजांना शिव्याशाप देतो. तोच लिहितो की मशिदीला आणि कुराणाला हात लावायचा नाही, अशी त्यांची ताकीद होती. शत्रूला जे मान्य करावं लागलं ते महाराजांचा फोटो लावणाऱ्यांना वाचवत नाही?

तो निरोप टाकणाऱ्याने आत्ता, या तासाला, सगळ्यांसमोर माफी मागायची. अंगठेवाल्यांनी गावातल्या सत्तरीपुढच्या एका माणसाला विचारून यायचं, की तुमच्या लहानपणी जत्रेत कोण कोण यायचं, काय विकायचं, कुठे उतरायचं. दोन पानं, स्वतःच्या अक्षरात. एकमेकांचं उतरवलेलं मला लगेच कळतं. सोमवारी पहिल्या तासाला वह्या टेबलावर हव्यात.