सहोदरांची लय

एक पुरुष आणि एक स्त्री परस्परांचे हात धरून प्रेक्षकांसमोर उभी राहिली, की पहिला सूर लागण्याच्या आधीच त्यांचे नाते आपल्या मनात मुक्रर होऊन जाते. ती प्रियकर आणि प्रेयसी असणार, अनुराग, रुसवा, विरह आणि मीलन या अवस्था क्रमाने येणार, आणि अखेरीस ती एकमेकांच्या बाहुपाशात विसावणार, हे आपण गृहीत धरून चालतो. शृंगाराला रसराज मानणाऱ्या परंपरेत आपण वाढलो आहो, त्यामुळे या अपेक्षेत वावगे असे काही नाही. परंतु एखाद्या रसाला राजा म्हणणे निराळे, आणि त्या राजाच्या परवान्यावाचून जोडीने पाऊलच टाकू नये असा शिरस्ता घालून देणे निराळे. हा शिरस्ता ज्या कलेत फार कडक झाला, आणि ज्या कलेत काही सख्ख्या बहीणभावांनी तो चिकाटीने बदलून दाखविला, त्या बर्फावरील युगुलनृत्याविषयी, म्हणजे आइस डान्सविषयी, येथे लिहावयाचे योजिले आहे.

या नृत्याचे कूळ युरोपातील दिवाणखान्यांत आहे. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो हे जमिनीवरचे नाच बर्फावर उतरले, १९५२ पासून त्यांना जागतिक स्पर्धेत स्थान मिळाले आणि १९७६ साली इन्सब्रुकच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा रीतसर समावेश झाला. जोडीने केल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे पेअर स्केटिंगमध्ये, स्त्रीला डोक्यावर उचलणे, दूर भिरकावणे, हवेत अनेक गिरक्या घेणे यांस मुभा असते. आइस डान्समध्ये हे सारे वर्ज्य. येथे कस लागतो तो पात्याच्या धारेचा. पात्याचा तळ मध्ये किंचित खोलगट घासलेला असतो, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा येतात. शरीराचा तोल एका धारेवरून दुसरीवर नेत, गुडघे वाकवून, वेग न गमावता बर्फावर खोल वळणे काढावयाची, आणि तीही जोडीदारापासून फार दूर न जाता. ट्विझल नावाच्या हालचालीत तर दोघेही एकाच पायावर भराभर फिरत, शेजारी शेजारी पुढे सरकत जातात. एकाची गिरकी क्षणभर मागे पडली तरी ते शेवटच्या रांगेतून दिसते. जी कला दोन देहांना इतके निकट आणि इतके एकजीव राहावयास सांगते, तिने प्रणय हाच आपला स्वाभाविक विषय मानावा, यात नवल नाही.

त्यातून १९८४ साली सारायेव्हो येथे जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन यांनी राव्हेलच्या ‘बोलेरो’वर जे नृत्य केले, त्याने या विषयावर जणू राजमुद्राच उमटविली. नॉटिंगहॅम गावची ही जोडी. तो पूर्वी पोलीस शिपाई, ती विमा कचेरीतील कारकून. संगीत नियमापेक्षा काही सेकंद लांब होते, आणि वेळेची मोजणी पाते बर्फाला टेकल्यापासून होत असे. म्हणून त्यांनी आरंभीचा भाग गुडघ्यांवर बसूनच केला, आणि नियमाच्या त्या मर्यादेतूनच त्या नृत्याचा अविस्मरणीय प्रारंभ निपजला. ज्वालामुखीत उडी घेणाऱ्या प्रेमिकांची ती कथा. कलात्मकतेसाठी नऊही परीक्षकांनी सहापैकी सहा गुण दिले. टॉर्व्हिल आणि डीन हे प्रत्यक्षात पतिपत्नी नव्हते, ती त्यांच्या अभिनयाची कमाल होती. परंतु उत्कृष्ट उदाहरणाचा एक धोका असा असतो की ते पुढे मानदंड होऊन बसते.

आपल्या पिंपरी-चिंचवडलगतच्या चाकणमधील कोणत्याही कारखान्यातील तपासनीसाला ठाऊक असते की एका पार्टसाठी केलेले माप तपासण्याचे गेज दुसऱ्या पार्टला लावले, तर तो पार्ट निर्दोष असूनही रिजेक्ट ठरतो. बहीणभावांच्या जोड्यांचे नेमके हेच झाले. त्यांनी प्रेमिकांचा अभिनय केला तर पाहणाऱ्याला अवघडल्यासारखे होई, न केला तर नृत्य कोरडे वाटे. आणि दोष मात्र गेजाचा न मानता जोडीचा मानला जाई.

या कोंडीतून वाट काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न कॅनडात वाढलेल्या आणि फ्रान्सच्या वतीने उतरलेल्या इझाबेल आणि पॉल दुशेने या बहीणभावांनी केला. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये त्यांनी दिवाणखान्याचा सारा डौल टाकून ढोलांच्या ठेक्यावर अरण्यातील मानवाचे नृत्य केले. प्रेक्षक थरारले, परीक्षकांनी त्यांना आठव्या स्थानी ठेविले. त्यांच्या धैर्याविषयी मला आदर आहे, तरीही एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे: एका ठरीव चित्रातून सुटण्यासाठी त्यांनी दुसऱ्या ठरीव चित्राचा, ‘रानटी’ माणसाच्या युरोपीय कल्पनेचा, आधार घेतला होता. हाच दोष पुढे उघडा पडला. लोकनृत्य हा विषय नेमून दिला गेला त्या २०१० च्या मोसमात रशियाच्या डोमनिना आणि शाबालिन या जोडीने ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे सोंग आणले, आणि ज्यांचे ते सोंग होते त्या समाजाच्या नेत्यांनी त्यास जाहीर हरकत घेतली. परक्याचा वेश चढविल्याने चाकोरी मोडल्याचा भास होतो. स्वतःची शैली त्याने सापडत नाही.

दुशेने भावंडांना ती सापडली ती १९९२ साली, आल्बेरव्हिल येथे. तेव्हा ती विश्वविजेती होती आणि त्यांची नृत्यरचना ख्रिस्तोफर डीन यांच्याकडे होती. ‘वेस्ट साइड स्टोरी’ हे संगीतक निवडले गेले, ज्याचा सारा लौकिक मारिया आणि टोनी यांच्या प्रेमावर उभा आहे. पण या जोडीने त्यातील प्रेमिक बाजूला ठेवून मारिया आणि तिचा भाऊ बर्नार्डो यांची गोष्ट उचलली. भावाचे संरक्षण कोठे संपते आणि जाच कोठे सुरू होतो, बहिणीची माया कोठे संपते आणि बंड कोठे सुरू होते, ही आपल्या घरोघरीची कथा बर्फावर आली. त्यांना रौप्यपदक मिळाले, सुवर्ण क्लिमोव्हा आणि पोनोमारेंको या पतिपत्नींना गेले. परंतु बहीणभावाचे नाते ही उणीव न राहता नृत्याचा विषय होऊ शकते, याचा दाखला त्या दिवशी नोंदविला गेला.

स्कॉटलंडच्या शिनेड आणि जॉन केर यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. युरोपीय स्पर्धेत दोनदा, २००९ व २०११ साली, कांस्यपदक मिळविणाऱ्या या जोडीच्या नृत्यात बहीण भावाला उचलून घेत असे. पुरुषाने उचलावे आणि स्त्रीने उचलले जावे, हा प्रणयकथेतून आलेला रिवाज आहे. लहानपणापासून कधी हिने त्याला, कधी त्याने हिला पाठुंगळी घेतलेल्या भावंडांना तो पाळण्याचे कारण काय?

आणि मग माया आणि ॲलेक्स शिबुतानी. जपानी वंशाच्या या अमेरिकन बहीणभावांनी २००४ साली एकत्र नृत्यास आरंभ केला. २०११ मध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत पदार्पणातच कांस्यपदक मिळविले, तेव्हा माया सोळा वर्षांची होती. त्यानंतर मात्र चार वर्षे जागतिक पदक त्यांच्या हाती लागले नाही, आणि २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये ती नववी आली. युरोपीय नृत्यपरंपरेच्या या क्षेत्रात त्यांचा चेहरा निराळा होता आणि नातेही निराळे होते. २०१५-१६ च्या मोसमात त्यांनी ‘कोल्डप्ले’ या वाद्यवृंदाचे ‘फिक्स यू’ हे गीत निवडले. ते गीत दुःखी माणसाला धीर देणारे आहे. धीर देण्यासाठी प्रियकरच असावा लागतो असे नाही, आणि शेजारी शेजारी ट्विझल घेत जाणारी ती दोघे पाहताना आपल्याला दिसतात ती परस्परांकडे न बघताही परस्परांचा श्वास ओळखणारी, एकाच घरात वाढलेली माणसे. त्या वर्षी ती प्रथमच अमेरिकेची विजेती झाली आणि जागतिक स्पर्धेत दुसरी आली. २०१८ साली प्याँगचँग येथे पहिल्या नृत्यानंतर अवघ्या ०.०२ गुणांनी चौथ्या स्थानी असलेली ही जोडी दुसऱ्या नृत्यानंतर कांस्यपदकाची मानकरी ठरली. दुशेने यांच्यानंतर आइस डान्समध्ये ऑलिंपिक पदक मिळविणारी ही दुसरीच भावंडे, आणि दोघेही आशियाई वंशाचे असलेली पहिलीच जोडी.

मराठी माणसाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे या सख्ख्या बहिणींनी मैफलीत जुगलबंदी गायिली, तेव्हा गाणाऱ्या बाईविषयी समाजाची एक ठरीव समजूत होती. त्या समजुतीला उत्तर म्हणून त्यांनी वादविवाद केला नाही, तर किराणा घराण्याचा शांत, शालीन सूर एकमेकींना देत-घेत त्या गाइल्या, आणि हिराबाईंच्या पिढीने कुलीन श्रोत्यांसमोर तिकीट लावून गाण्याचा मार्ग स्त्रियांसाठी खुला केला. सांगली जिल्ह्यातील कवलापूरच्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी आपले हुबेहूब साम्य हेच भांडवल करून ‘काळू-बाळू’ म्हणून तमाशाच्या रसिकांवर राज्य केले. चाकणहून नाशिक रस्त्याने वर गेले की तमाशाची पंढरी म्हटले जाणारे नारायणगाव लागते, जेथे यात्रांच्या हंगामाआधी राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यावयास येतात. तेथला विख्यात फड भाऊ आणि बापू या बंधूंच्या जोडनावाने ओळखला जाई, आणि भाऊंची कन्या विठाबाई हिने त्या नावाची कीर्ती सर्वदूर नेली. एकाच चुलीपाशी वाढल्याने येणारी लय आपल्या कलापरंपरेने केव्हाच ओळखली होती.

मग पिंपरी-चिंचवडकराने या गोष्टीकडे कसे पाहावे? १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे उद्योगांचा पसारा चाकणपर्यंत गेला. सोलापूर, लातूर, बीड, जळगावहून येथे आलेल्या कुटुंबांत आजी-आजोबा, काका-काकू बहुधा गावीच राहिले. वडील सेकंड शिफ्टला, आई फर्स्ट शिफ्टला, आणि मधल्या वेळात घराची किल्ली थोरल्या भावंडाच्या दप्तरात. संध्याकाळी निगडी-प्राधिकरणाच्या बाजूस एखाद्या मोकळ्या सिमेंटच्या जागेवर स्केटिंगचा वर्ग भरतो, तेथे हे नाते पाहावे. सातवी-आठवीतली मुलगी खाली बसून धाकट्या भावाच्या चार चाकी स्केटचा पट्टा ओढून बांधते, तो “ताई, थांब की!” म्हणत तिच्या मागे सुटतो, आणि वळणावर ती मागे न पाहता हात मागे करते, तो हात त्याला बरोबर सापडतो. हे त्यांना कुणी शिकविलेले नसते.

आपल्या देशात बर्फ दुर्मीळ. शिमल्याचे १९२० पासूनचे उघडे क्रीडांगण थंडी पडेल तेवढेच दिवस गोठते, आणि २०११ साली डेहराडून येथे बांधलेले क्रीडागृह अनेक वर्षे बंद राहिले. पण चाकांवरील स्केटिंगमध्येही कलात्मक शाखा आहे, तीत ‘कपल डान्स’ हा प्रकार आहे, आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत अनुपकुमार यामा आणि अवनी पंचाल या भारतीय जोडीने पेअर स्केटिंगचे कांस्यपदक आणलेही आहे. म्हणून येथल्या मुलांना ही वाट बंद नाही.

मात्र आपल्याकडची अडचण युरोपच्या उलट बाजूची आहे. तेथे भाऊ जोडीदार असणे ही उणीव मानली गेली. येथे तीच शिफारस ठरते. परक्या मुलाचा हात धरून नाचणाऱ्या मुलीकडे सोसायटीतल्या चार खिडक्यांतून पाहिले जाते, पण “भाऊ आहे ना बरोबर, मग जाऊ द्या” म्हटले की घरची मंजुरी मिळते. ही मंजुरी घ्यावी, तिच्यामुळे अनेक मुली मैदानापर्यंत पोहोचतात. परंतु ती ज्या समजुतीतून येते तीही पारखून घ्यावी. भाऊ हा तिचा राखणदार, आणि ती त्याच्या देखरेखीखाली नाचणारी, अशी ती समजूत असेल, तर मारियाच्या घरातला जाच आपण स्केट घालून मैदानावर आणला असे होईल. केर भावंडांकडून शिकावयाचे ते हेच, की उचलणारा कोण आणि उचलला जाणारा कोण हे बळ, तोल आणि नृत्याचा अर्थ यांनी ठरवावे, जन्माने मिळालेल्या अधिकाराने नव्हे.

शैली म्हणजे अंगावर चढविलेला अलंकार नव्हे, आणि नियमांना पाठ दाखविणेही नव्हे. शिबुतानींनी धारेचा एकही नियम मोडला नाही, उलट तो अधिक कसोशीने पाळला. ज्याला जगाने उणीव म्हटले, त्याकडे लज्जेने न पाहता त्यालाच आपल्या कलेचा आशय करावयाचे धाडस झाले, म्हणजे शैली जन्मास येते. ही जबाबदारी एकट्या कलावंताची नाही. २०२२ च्या अखेरीस कॅनडाच्या स्केटिंग संस्थेने आपल्या देशांतर्गत स्पर्धांत जोडी म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुषच ही अट काढून टाकली. गेज बदलण्याचे काम संस्थांनी करावयाचे असते. आपल्या प्रशिक्षकांनी मुलांना चित्रपटातील प्रेमगीत लावून देण्याआधी त्यांच्या घरातले काय नाचता येईल ते विचारावे, आणि पालकांनी मुलगी दहावीत गेली म्हणून तिचे स्केट माळ्यावर टाकू नयेत. आईवडील पाळीवर असताना एकमेकांना वाढविणारी भावंडे या नगरात घरोघर आहेत. विश्वास म्हणजे काय हे ती जाणतात, आणि तो विश्वास नाचून दाखविण्याचा हक्क त्यांना कुणाच्या सोंगावाचून मिळाला पाहिजे.