मागे राहणाऱ्याचा कागद

एकट्याने गाडी घेऊन डेथ व्हॅलीच्या कच्च्या रस्त्यांवर मुक्कामाला जायचं ठरलं, की माणूस आधी नकाशा उघडतो. तंबू कुठे ठोकायचा, रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्यापर्यंत जायचं का, परतायचं कुठून. मला मात्र वाटतं, असा बेत आखायचा तो जाणाऱ्यासाठी नव्हेच, मागे राहणाऱ्या कुणा एकासाठी. मार्ग आणि परतीची मुदत लिहून त्याच्या हाती जो कागद द्यायचा, त्यावरून बाकी सगळं ठरतं.

कॅलिफोर्नियातलं हे राष्ट्रीय उद्यान १३,००० चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्याच्या बहुतेक भागात मोबाइलला रेंज नसते. युबेहेबे क्रेटरपासून रेसट्रॅकपर्यंतचा सुमारे ४३ किलोमीटरचा रस्ता टायर फाडण्यासाठी प्रसिद्ध आहे. बरोबर दुसरी गाडी असेल तर ती निदान खबर घेऊन बाहेर पडते. एकट्याची स्टेपनीही फुटली, तर ते इतर कुणाला कळायला वावच नाही. मुक्कामाचा परवाना काढलेला असला, तरी तुम्ही परतलात की नाही हे पाहायला कुणी बसलेलं नसतं.

युटामध्ये कॅनियनलँड्सजवळच्या घळीत २००३च्या एप्रिलमध्ये अ‍ॅरन राल्स्टन या एकट्याने निघालेल्या गिर्यारोहकाचा हात दगडाखाली अडकला. कुठे जातोय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तो कामावर आला नाही तेव्हा शोध सुरू झाला, आणि सुरू झाला तो ‘गेला कुठे’ इथपासून. त्याची गाडी सापडल्यावर हेलिकॉप्टर त्या भागात आलं. तोवर तो स्वतःचा हात कापून बाहेर पडला होता. कागद असता तर किती दिवस वाचले असते, ते ज्याने त्याने मोजावं.

आता पाणी. माणशी दिवसाला किमान ४ लिटर, हे सगळेच सांगतात. तीन दिवसांची सहल म्हणजे १२ लिटर? नाही. कागदावर लिहिलंय, ‘रविवारी रात्रीपर्यंत फोन आला नाही, तर सोमवारी सकाळी कळव.’ त्यानंतर शोधायला दोन दिवस धरले, तर पाणी बुधवारपर्यंत पुरायला हवं. म्हणजे किती पाणी न्यायचं, हे तुम्ही दिलेल्या मुदतीवर ठरतं. मुदत जितकी सैल ठेवाल तितके कॅन जास्त.

आणि लिहिलेला रस्ता सोडायचा नाही. हे जड जातं, कारण एकट्याने जायचं ते बहुधा मनाला येईल तिकडे वळता यावं म्हणूनच. पण १९९६च्या जुलैत चार जर्मन पर्यटक डेथ व्हॅलीत बेपत्ता झाले. टायर फुटलेली त्यांची भाड्याची गाडी ऑक्टोबरमध्ये एका निर्मनुष्य घळीत सापडली. ते गाडी सोडून चालत निघाले होते, आणि अवशेष हाती लागायला २००९ उजाडलं. वरून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. म्हणून गाडीपाशीच थांबायचं, आणि गाडी कागदावरच्या रस्त्यालाच असली पाहिजे. मन चंचल असेल तर फाटे आधीच लिहून ठेवावेत: ‘शनिवारी हे किंवा ते, तिसरं नाही.’ उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र जरूर न्यावं, मार्ग बदलल्याचं त्यावरून कळवता येतं. फक्त अरुंद घळीत आकाशाची चिंधीच दिसते, तिथे त्याच्यावर फार विसंबू नये.

आपल्याकडच्यांसाठी एक खास गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या मुलाचा कागद पुष्कळदा पुण्यात आईकडे जातो. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतेरा तासांचा फरक असतो, तेव्हा मुदत कुठल्या वेळेप्रमाणे, हे लिहावं. पुण्याहून ९११ फिरवून अमेरिकेतली मदत मिळत नाही, म्हणून उद्यानाचा आणि तिथल्या शेरीफ कार्यालयाचा पूर्ण नंबर, देशाच्या कोडसकट द्यावा. गाडीचा रंग आणि नंबरही. खरं तर आईला हे काम देऊच नये. ती मुदतीच्या आधीच फोन करील, किंवा ‘येईल हो’ म्हणत बाबा तिला थांबवतील. ठरल्या वेळी, ना आधी ना नंतर, फोन करणारा एखादा शिस्तीचा मित्र शोधावा. तो मिळेपर्यंत तारीख ठरवू नये.