बंद दारातील उपवासकाळ



2020 च्या उपवासकाळात महामारीमुळे उपासनामंदिरे बंद झाली. 27 मार्चला पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या ओस चौकात पावसात प्रार्थनेस उभे राहिले. रोमन कॅथलिक बांधवांची मिस्सा आणि आपले प्रभुभोजन, दोन्ही अंतरली.

परंतु दार लावून प्रार्थना करा, असे प्रभूनेच शिकविले आहे (मत्तय 6:6). भयभीत शिष्यांच्या बंद दाराआडही तोच येऊन उभा राहिला (योहान 20:19).

भरवेलीचा कामगार मँगनीजच्या खाणीत उतरताना दिवा बरोबर नेतो. वरचा उजेड तेथे पोहोचत नाही. त्या दिवसांत कौटुंबिक प्रार्थना हाच आपला दिवा होता. आता मंदिर उघडले आहे. म्हणून घरचा दिवा आपण विझू दिला काय? या उपवासकाळी तो पुन्हा लावू या. आमेन.