मागायला दम

साताऱ्यातल्या एका दुकानदाराला पळायचा नाद होता. बियाणं-खतांचं दुकान, वय पन्नाशीला आलेलं. पहाटे यवतेश्वरचा घाट चढून यायचा आणि नऊला शटर वर करायचा. देवावर श्रद्धा होती, पण तीही रोखीची. पोरगी बारावीला चांगल्या मार्कांनी सुटली, पेढे वाटले. बोअरला पाणी लागलं, अभिषेक घातला. दुसऱ्या बोअरला लागलं नाही, तेव्हा अभिषेकही घातला नाही. हिशेब चोख.

एका वर्षी त्यानं कॉम्रेड्सला नाव घातलं. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांमधली ही शर्यत. विक क्लॅफम नावाच्या इंजिन ड्रायव्हरनं पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ती १९२१ साली सुरू केली. त्या वर्षी ३४ जण निघाले आणि १६ पोचले. आता हजारो पळतात, त्यांत शेकडो आपल्याकडचे. अंतर ८५ ते ९० किलोमीटर, म्हणजे दोन मॅरेथॉन एकाला एक जोडल्या तरी वर थोडं उरतंच. वेळ बारा तास. एक सेकंद जास्त झाला तरी पदक नाही. आणि ते पदक तरी केवढं, तर मोठ्या नाण्याएवढं!

दुकानदारानं जायच्या आधी गावच्या मारुतीला सांगून टाकलं, ‘बारा तासांच्या आत पोचव, पाच किलोची पितळी घंटा बांधतो.’

घरात वडील होते, आबा. गळ्यात माळ, दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी. ते म्हणाले, “पळायचं तू, आन् भाव मारुतीसंगं ठरवतोस व्हय?”

“मग तुम्ही अडीचशे किलोमीटर चालत जाता, ते विठोबाला काहीच न मागता?”

“मागतो की. पैल्या दोन दिसांत लई मागून घेतो. दिवेघाट लागला की मागायला दम कुठं उरतोय?”

पोराला वाटलं, म्हाताऱ्यानं थट्टा केली.

त्या वर्षी शर्यत डर्बनहून वर जाणारी होती. समुद्राच्या काठावरून निघायचं आणि सुमारे ८०० मीटर उंचीपर्यंत चढत जायचं. अंधारात हजारो माणसांनी राष्ट्रगीत म्हटलं, मग शोशोलोझा हे गाणं. कोंबड्याची बांग झाली. ती माणसाच्या गळ्यातली. पूर्वी एक धावपटू सुरुवातीला हौसेनं बांग द्यायचा, त्याचं रेकॉर्डिंग अजून वाजवतात. मग बंदूक उडाली आणि चढ सुरू झाले. काउइज, फील्ड्स, बोथाज.

अर्ध्याच्या जरा अलीकडे ड्रमंडजवळ रस्त्याकडेच्या दरडीत बसण्यापुरता एक कोनाडा आहे. आर्थर न्यूटननं ही शर्यत १९२० च्या दशकात पाच वेळा जिंकली. तो इथं टेकायचा, असं सांगतात. पळणारे तिथं फूल ठेवतात आणि म्हणतात, “गुड मॉर्निंग, सर.” त्यांत देव न मानणारेही असतात. घड्याळाकडे बघत, एकेका सेकंदाला जपत आलेली माणसं तिथं थांबून टोपी काढतात. दुकानदारानंही काढली. लगेच मनात आलं, या साहेबालाही काहीतरी मागून ठेवावं. मागितलंही.

पुढं इंचांगाचा चढ लागला. इथपर्यंत तो एका ‘बस’मध्ये होता. कॉम्रेड्समध्ये बस म्हणजे पळणाऱ्यांचा जथा. पुढं झेंडा घेतलेला ‘ड्रायव्हर’. या खांबापर्यंत चाला, त्या खांबापर्यंत पळा, असं तो ओरडून सांगतो आणि चाळीस-पन्नास माणसं मुकाट ऐकतात. गाणं सुरू असतं. दुकानदाराच्या पोटरीत गोळा आला आणि बस निघून गेली. त्यानं पाण्याची प्लॅस्टिकची पुडी दातानं फोडली, अर्धं पाणी पोटरीवर ओतलं, अर्धं प्यायला. मीठ लावलेला उकडलेला बटाटा तोंडात कोंबला. आणि बोली वाढवली, ‘मारुतीराया, पाचाची दहा किलो करतो.’

पॉली शॉर्ट्‌स हा शेवटचा मोठा चढ. तो संपला तरी पुढं सात-आठ किलोमीटर उरतात. शरीरातली साखर तोवर कधीच संपलेली असते, बाहेरून घ्यावं तर पोट काही ठेवून घेत नाही. दुकानदारानं चढाच्या पायथ्याशी पंधरा किलो म्हणायला तोंड उघडलं आणि वाक्य पुरं होईना. ‘मारुतीराया’ एवढंच व्हायचं आणि श्वास संपायचा. पुढची रक्कम राहून जायची. मग ‘राया’ही गळलं. चढभर मारुती, मारुती, एवढंच पावलाला पाऊल लागून चाललं होतं. काय हवंय ते त्यात नव्हतंच.

मैदानात शिरला तेव्हा घड्याळ दिसत होतं. बारा तास भरले की एक जण येणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक झाडतो. पाठ अशासाठी की कुणाचा चेहरा बघून हात अडखळू नये. दुकानदार शंभरेक पावलांवर असताना ती उडाली. रेघ बंद झाली.

सोबतचे हळहळले. एक जण म्हणाला, “देव पावला नाही रे तुला. तेवढी घंटा वाचली.”

हिशेबानं ते बरोबरच होतं. दुकानदारही राग यायची वाट बघत बसला. बोअरच्या वेळी आला होता तसा. आला नाही. नवसाला नावं ठेवायचं कारण नाही. संसारी माणसाला देवाशी बोलायला ती एक सोय आहे, आणि पुष्कळांची बोलायची सुरुवात तिथूनच होते. पण नवसातली श्रद्धा आपल्याला काय मिळालं यावर वरखाली होते. लांब पल्ल्यात मागणं आधी थकतं. ते गळून पडल्यावर जे नाव तोंडात राहतं, त्याला मिळण्या-न मिळण्याचं काही देणंघेणं नसतं. पॉली शॉर्ट्‌सवर मारुती त्याच्याबरोबर होता, आणि पदकाच्या बोलीवर आलेला नव्हता.

गावी येऊन त्यानं घंटा बांधली. पाच किलोचीच, दहाची नाही, शेवटी दुकानदारच. गुरवानं विचारलं, “पदक न्हाय मिळालं म्हणं, मग ही कशाबद्दल?” तो म्हणाला, “कडी पक्की आहे का बघा आधी.”

पालखी लोणंदला आली तेव्हा तो आबांच्या दिंडीत जाऊन मिळाला. दुपारच्या विसाव्याला आबांनी कौतुकानं सांगितलं, पोरगं आफ्रिकेत बारा तासांत शहाऐंशी किलोमीटर पळालं. डोईवरची तुळस खाली उतरवून टेकलेली एक आजी ऐकत होती.

“बारा तासांत? मग मुक्काम कुठं केला?”

“मुक्काम नसतो, आजी. सलग जायचं.”

“आन् भाकरी?”

“पळता पळताच, काहीबाही.”

आजीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं आणि आबांकडे वळून म्हणाली, “पुढल्या साली त्येला आळंदीपास्नं आणा. लोणंदपास्नं आला तर ह्यो उद्याच पंढरपुरात जाऊन बसंल.”